कोंड्याची भाकरी

अब्देल मौजूदनं संत्र्याचं पान उन्हात धरलं, डोळे बारीक केले आणि कालव्यापलीकडून आलेल्या फरगलीला सांगितलं, "शिरा हिरव्या, मधी पिवळं. त्येबी खालच्या जुन्या पानांवर. म्याग्नेशियम कमी पडलंय. आजच फवार."

फरगली मान डोलावत गेला. सारं गाव पिवळी पानं घेऊन अब्देल मौजूदच्या दारी येई आणि हा छाती फुगवून निदान करी. झाडाचं दुखणं याला कोसावरून दिसे. स्वतःच्या पोटऱ्यांत गोळे येत, घागरभर पाणी पिऊन तहान भागत नसे, ते मात्र याच्या गावीही नव्हतं.

भट्टीपाशी बसलेल्या बदरियानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "काल डॉक्टरीणबाई काय म्हनली वो?"

"म्हनली कायतरी."

"तुमच्या रगतातबी हेच कमी हाय म्हनली. साखरेचं दुखनं उंबऱ्यावर येऊन बसलंय. कोंड्यासकट भाकरी खा, पालाभाजी खा, चहात पाच चमचे साखर वतू नगा."

"मी काय संत्र्याचं झाड हाय?"

"झाड बरं. फवारलं की गप घेतं. थोरल्या भावजींचा पाय गेला या साखरंपायी. तुमचा मी जाऊ द्यायची न्हाई."

पण घरात त्याचा हुकूम होता. पीठ तीनदा चाळायचं, भाकरी शहरातल्यासारखी पांढरी हवी, कोंडा म्हशीला. म्हैस तकतकीत झाली होती आणि धनी सुकत चालला होता. अक्कल कुठं गहाण टाकली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बदरियानं पीठ चाळलंच नाही. तांबूस, खरबरीत भाकरी पुढ्यात आली तसा तो उसळला. "उद्या गव्हानीत बांधशील मला. लोक काय म्हनतील?" ताट सरकवून तो तडक थोरल्या भावाकडं, मेतवल्लीकडं गेला.

"वयनी, पांढरी भाकरी हाय का?"

वहिनीनं एक आणून दिली. मेतवल्लीपुढं मात्र कोंड्याची ठेवली.

"दादा, तू बी हे जनावराचं खानं खातुस?"

"आता खातुय." मेतवल्लीनं घोट्यापासून कापलेल्या पायावरची माशी हाकलली. "तू खा पांढरी. मीबी पाय हुता तवर तीच खाल्ली."

अब्देल मौजूदनं हातातला घास परत ताटात ठेवला. चिखलानं भेगाळलेले आपले दोन्ही पाय त्याला पहिल्यांदाच नीट दिसले, आणि तो मनातून पुरता घाबरला.

भर दुपारी तो घरी परतला. बदरियानं तीच भाकरी आणि वाटीभर घेवडा पुढं ठेवला.

"आधी दार लाव," तो पुटपुटला. "फरगली बघंल."

असल्या उन्हात दार लावून बसायचं म्हणजे दोघांनी उकडून निघायचं. पाय वाचवायचे, तेसुद्धा गावापासून चोरून. बदरियानं कडी घातली आणि घाम पुसत त्याच्यासमोर बसली. "चावून खा," ती म्हणाली.