थांबव म्हणायचं राहिलं

सिनेमातल्या बाईची स्मृती गेली होती, त्यात काही विशेष नव्हतं. कथाच तशी होती. पण चित्रीकरण संपता संपता दिग्दर्शक शिडीवरून पडला, डोक्याला मार बसला आणि त्याच्याही शेवटच्या काही आठवड्यांची पाटी कोरी झाली. घराचा पत्ता, लहानपणची भांडणं, ताईने फोडलेली त्याची दुर्बीण, सगळं जागच्या जागी होतं. सिनेमाचा शेवट तेवढा गायब.

शेवट दोन घेतले होते. बाई एका अनोळखी घरात जागी होते आणि एक माणूस म्हणतो, मी तुझा नवरा. पहिल्या शेवटात तो खोटारडा निघतो आणि ती दार उघडून पळते. दुसऱ्यात तो खरंच नवरा असतो, तिला सगळं आठवतं, आणि तरीही ती शांतपणे विचारते, "तुमचं नाव काय?" यातला कुठला ठेवायचा, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. गुपित फुटू नये म्हणून. आता ते त्याच्यापासूनही सुरक्षित होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण आणि त्याच्या सगळ्या सिनेमांची संकलक. संध्याकाळी निर्मातीबाई सिनेमा पाहायला येणार होत्या. पडल्याचं त्यांना कळलं होतं, विसरल्याचं नाही. दिग्दर्शकाचा अजून निर्णय होत नसेल तर सिनेमा दुसऱ्याच्या हाती देऊ, असा त्यांचा निरोप होता. खरं काय ते सांगून टाकू, असं ताईने सुचवून पाहिलं. तो हसला. म्हणाला, जाहिरातीसाठी नाटक करतोय म्हणतील.

"तूच सांग ना कुठला ठेवू."

ताईला पहिला आवडायचा. ती दारातून पळणारी बाई पाहून तिला दरवेळी मोकळं वाटायचं. म्हणूनच तिने ते सांगितलं नाही.

"माझं मत घेऊन काय करशील, चिमण? मला तुझं हवंय."

"माझं माझ्याकडे नाहीये, ताई."

खरंच नसेल? हे तिच्या डोक्यातून जाईना. आठवण गेली म्हणून आवडही जाते का?

त्याला जेवायला पिटाळून तिने मूळ चित्रण उघडलं. अभिनय संपल्यापासून 'कट' ऐकू येईपर्यंतच्या भागाला ती शेपूट म्हणायची आणि कामाला बसल्या बसल्या आधी तेच छाटायची. कोण बघतंय शेपटं? आज तिने नेमकी तीच लावली. पहिल्या शेवटात बाई दाराबाहेर पडते न पडते तोच त्याचा आवाज येत होता, "कट. छान." दुसऱ्यात बाई नाव विचारते, नवरा बघत राहतो, आणि आवाजच नाही. कॅमेरा आपला चालूच. शेवटी नटीच कॅमेऱ्याकडे वळून म्हणते, "झालं का?"

एवढ्यावर ताईचं समाधान होईना. त्या दिवशी त्याचं लक्ष दुसरीकडेही असेल. मग तिने शेपटं पुन्हा छाटली, दोन्ही शेवटांच्या मागे काळा पडदा जोडला आणि तो आल्यावर त्याला यातलं काहीच सांगितलं नाही. संकलनाच्या या खोलीत त्याचं काम ठरलेलं होतं: पुरेसं झालं की 'थांबव' म्हणायचं. त्याचा चेहरा दिसेल अशी ती तिरकी बसली.

पहिला शेवट लागला. बाईने कडी काढली, ती पायरी उतरली.

"थांबव. छान आहे," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली शोधू लागला.

दुसरा लागला. बाईने नाव विचारलं. नवरा बघत राहिला. मग काळा पडदा आला. चिमणच्या हातात बाटलीचं झाकण तसंच राहिलं. काळ्या पडद्यावर काही हलतंय की काय, असा तो बघत होता.

"हा कुणी घेतला?" त्याने विचारलं.

"तूच."

"मग आठवतंय हे तिने त्याला सांगितलं का नाही?"

"ते मी तुला विचारायचं," ताई म्हणाली. पळणाऱ्या बाईचं दार तिने मनातल्या मनात लावून घेतलं.

संध्याकाळी निर्मातीबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, ठरलं का. चिमणने ताईकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "नाव विचारते तो."

"का पण?"

"ते मलाही कळायचंय. म्हणूनच तो."

 निर्मातीबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "लावा."