शुक्री गच्चीवर गेला

शुक्रीच्या हातात वस्तरा असला की गल्लीतले भलेभले निर्धास्त मान पुढे करायचे. पण वाटेत कबुतर दिसलं की हाच गडी रस्ता बदलायचा. लहानपणी तो आत्याच्या कबुतरांच्या खुराड्यात कोंडला गेला होता. तेव्हापासून पंख फडफडले की तो कान झाकून पळत सुटायचा. आणि प्रेमात पडला तो कुणाच्या? हाज बयूमीच्या लेकीच्या, इन्शिराहच्या! अख्ख्या कैरोत बयूमीइतका कबुतरवेडा सापडायचा नाही. लेकीला मागणी घालायला आलेल्यालाही तो गच्चीवर, ढाबळीपाशीच बसवायचा.

"खाली बघत बस. मी जिन्यात उभी आहे," इन्शिराहने बजावलं.

शुक्री वर जाऊन बसला. वर बयूमीचा थवा घिरट्या घालत होता, चहूकडे घुमणं, फडफडणं. बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात शेजारच्या सबरीच्या थव्यातली पांढरी मादी चुकून खाली आली. त्या वस्तीत परकं कबुतर पकडेल त्याचं. बयूमी कधीचा तिच्यावर टपून होता. ती उतरली ती थेट शुक्रीच्या डोक्यावर.

"हलू नकोस रे, बाबा!" बयूमी कुजबुजला.

हलतोय कोण! शुक्रीचे पाय केव्हाच लुळे पडले होते. बयूमीने मागून येऊन अलगद झडप घातली.

"वा रे पठ्ठ्या! असा थंड डोक्याचा गडी मी नाही पाहिला. पोरगी तुझीच. लग्न झालं की रोज संध्याकाळी दोघं मिळून थवा उडवू!"

शुक्री गप्प बसला असता तर काम फत्ते होतं. पण रोज संध्याकाळी? आणि तेही सासऱ्याला फसवून?

"काका, मला कबुतरांची भीती वाटते. मरणाची. मघाशी मी घाबरूनच गोठलो होतो."

बयूमीचा चेहरा पडला. "अरे, मग जिन्यातूनच पळायचं होतंस की!"

"पळालो असतो तर इन्शिराह मिळाली नसती."

बयूमीने एकदा हातातल्या मादीकडे पाहिलं, एकदा शुक्रीच्या डोक्याकडे. मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो पोट धरून हसायला लागला.

"इन्शिराह, शरबत कर गं! वर नको आणूस, आम्ही खाली येतोय. जावई माझा भित्रा आहे!"

मादीला पिंजऱ्यात ठेवून त्याने शुक्रीच्या खांद्यावर हात टाकला. थवा अजून आभाळातच होता, आणि हाज बयूमी जन्मात पहिल्यांदाच थव्याकडे पाठ फिरवून जिना उतरला.