दरवाजा कुणी बंद केला

स्वप्ना चिडली की अहिराणीवर यायची. एरवी तिचं बोलणं सुरतेतल्या कुठल्याही पोरीसारखं होतं. खात्यात, म्हणजे साड्यांच्या कारखान्यात हिंदी, रिक्षावाल्याशी गुजराती, घरी आईशी ह्या दोन्हींत मराठी मिसळून केलेली भेळ. पण डोकं फिरलं की लहानपणी कानावर पडलेली भाषाच तोंडात यायची आणि मग ती कुणाला आवरत नसे.

त्या रविवारी दुपारी डिंडोलीतल्या तिच्या खोलीत तेच झालं. समोर मोबाइलचा कॅमेरा सुरू होता. शेजारी तिचा आतेभाऊ हितेश बसला होता. तो उधन्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दोघांनी मिळून एक चॅनल काढलं होतं: जपानी कार्टून मालिका बघायच्या आणि बघता बघता जे तोंडाला येईल ते बोलायचं. हितेश एडिटिंग करायचा. बोलायची मात्र जास्त करून स्वप्नाच, कारण तिला त्या गोष्टींचं खरंच वेड होतं.

त्या दिवशीचा भाग सगळा लढाईचा होता. हाडांचे राक्षस किल्ल्यावर चालून आलेले, तटावर आग, राजपुत्र राएनची तलवार निळी पेटलेली. हितेश दर मिनिटाला ओरडत होता, "भाई, क्या सीन है!" स्वप्नाचा जीव मात्र तोमेत अडकला होता. तोमे ही किल्ल्यातली जखमी वाहून नेणारी बाई. आधीच्या भागांमध्ये ती नेहमी कोपऱ्यात दिसायची, कुणाचं फाटलेलं शिवताना, कुणाला भरवताना. आता ती जखमींना घेऊन तटाखालच्या भुयारात शिरली होती. राक्षस मागोमाग तिथेच घुसले. आणि राएनने वरून भुयाराचा दगडी दरवाजा खाली सोडून बंद केला. आत तोमे होती, जखमी होते, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने तटच भुयारावर कोसळवला. राक्षस मेले. राएनच्या गालावरून एक थेंब ओघळला, आकाशातून पाकळ्या पडल्या, गाणं सुरू झालं आणि अख्ख्या सैन्याने त्याच्यापुढे मान झुकवली. तोमेचा चेहरा पुन्हा दाखवलाच नाही.

"त्यास्ले कोनी इचारं का?" स्वप्ना ओरडली. "त्यांना विचारलं का कुणी? दरवाजा ह्याने बंद केला आणि रडतोय पण हाच! आणि सगळे ह्यालाच नमस्कार करताहेत!"

हितेश हसत म्हणाला, "अगं, सॅक्रिफाइस आहे तो."

"कुणाचं? त्याचं? त्याचं काय गेलं?"

मग ती थांबलीच नाही. तिचे वडील पोपट उधन्याच्या एका मिलमध्ये घडी-पॅकिंगला होते. कापडाचे तुकडे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या खोलीचं शटर बाहेरून कुलूप लावून बंद ठेवत. एका पहाटे आग लागली. चावी ज्याच्याकडे होती तो चहाला गेला होता. पोपट आणि त्यांच्याबरोबरची माणसं शटरच्या आतच राहिली. स्वप्ना तेव्हा नववीत होती. शोकसभेला मिलचा शेठ आला, रुमालाने डोळे पुसत खुर्चीवर बसला आणि वस्तीतली माणसं घरी जाताना म्हणत गेली, शेठ मोठ्या मनाचा आहे, स्वतः आला, रडला. कॅमेऱ्यासमोर स्वप्नाने हे सगळं सांगितलं, अर्धं अहिराणीत, अर्धं ओरडून. शेवटी तिने पाण्याची बाटली उचलली.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "हे टाकू नकोस. पुढच्या रविवारी परत करू."

"हो, हो," हितेश म्हणाला.

मंगळवारी ती खात्यात साड्यांची तपासणी करत होती. शेजारी बसणाऱ्या गायत्रीने गुपचूप मोबाइल तिच्यापुढे धरला. "ही तूच ना गं?"

स्वप्नाच होती. तिचा चेहरा फुगवून भोपळ्याएवढा केला होता, कानांतून धूर निघत होता आणि ती अहिराणीत बोलू लागली की मागे कोंबडी कलकलत होती. वर लिहिलं होतं, कार्टूनसाठी रडली गावची पोरगी. वडिलांचा शब्दही त्यात नव्हता. फक्त ओरडणं होतं आणि "त्यास्ले, त्यास्ले" हे पुन्हा पुन्हा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मास्टर उभा होता. सगळ्या बायकांवर देखरेख त्याचीच. त्यानेही बघितलं होतं. "ए त्यास्ले," त्याने हाक मारली, "हात चलाओ!" चार-सहा जण हसले. गायत्रीने मान खाली घातली.

जेवणाची सुट्टी होताच स्वप्ना हितेशच्या दुकानात गेली. कानशिलं तापली होती. रस्त्यातली एकही गोष्ट तिला दिसली नाही.

तिला पाहताच हितेशचा चेहरा खुलला. "बघितलंस? आपलं कधीच एवढं चाललं नव्हतं. स्टार झालीस तू!"

"टाकू नको म्हटलं होतं ना मी?"

"अगं, ते तुझ्या पप्पांचं टाकू नको म्हणालीस असं मला वाटलं. ते कापलंय मी."

"ते कापलंस आणि कोंबडी टाकलीस?"

"लोकांना फनी आवडतं. तू एवढी सीरियस नको होऊस." तो जरा जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "आणि ऐक. आता लोक तुला ओळखतात. आता ते पूर्ण टाकू. मामांचा पार्ट. खाली सॅड म्युझिक लावतो. तो ह्याच्यापेक्षा जास्त चालेल, बघ."

स्वप्नाला ते दोन शब्द झोंबले. मामांचा पार्ट. ह्या माणसाला पोपटने खांद्यावर बसवून तापीचा पूल दाखवला होता. तिने त्याचं मनगट धरलं. "घरी चल. हे आत्ता जे बोललास ते माझ्या आईसमोर बोल."

"दुकान आहे, स्वप्ना..."

"चल!"

दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली तसा तो निघाला. वाटेत दोनदा म्हणाला की काढून टाकतो. तिने मनगट सोडलं नाही.

काशीबाई दारात बसून लसूण सोलत होती. भाच्याला अवेळी आलेला पाहून उठली. "काय रे, जेवलास का?"

"आई, ह्याला काहीतरी सांगायचंय तुला," स्वप्ना म्हणाली. "सांग ना. काय जास्त चालेल ते सांग."

मामीपुढे ते वाक्य हितेशला उच्चारता येईना. मग स्वप्नानेच सांगितलं, एकेक शब्द तसाच्या तसा. काशीबाईने हात पदराला पुसले. "लाव बरं ते," ती म्हणाली. "कोंबडीवालं नको. पुरं."

हितेशच्या मोबाइलात सगळं होतं. काशीबाईने ते शेवटपर्यंत ऐकलं, उभ्यानेच. लेक हे सगळं इतकी वर्षं मनात धरून होती हे तिला माहीत नव्हतं. ऐकून झाल्यावर ती भाच्याकडे वळली.

"मामा व्हता ना तो तुना? त्याच्या मरणाखाली बाजा वाजवशील?"

"मामी, चुकलं."

"शेठ रडना तवय मी त्याले पानी बी दिधं नही," काशीबाई म्हणाली. "त्याने मागितलं होतं. मी जागची हलले नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही ते." तिने मोबाइलकडे बोट केलं. "पुस ते. माझ्यासमोर."

हितेशने व्हिडिओ काढला, मग मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. जाताना तो दारात घुटमळला. "रविवारी येऊ का?"

"नको," स्वप्ना म्हणाली.

पण काढून फारसा उपयोग नव्हता. लोकांनी तो केव्हाच उचलून इकडे तिकडे लावला होता. दुसऱ्या दिवशी ती खात्यात शिरली तेव्हा मास्टर तोच बघत होता. "आ गई त्यास्ले," तो म्हणाला. "आज किसके लिए रोएगी?"

स्वप्ना आपल्या जागेवर बसली नाही. ती हॉलच्या मागच्या टोकाला गेली. तिथे दुसरं शटर होतं, कायम बंद, पुढे साड्यांचे गठ्ठे रचलेले. इतके दिवस ती त्याच्याकडे पाठ करून बसत होती. तिने गठ्ठ्यांमागे हात घालून चाचपलं. आत बसवलेल्या कडीला कुलूप होतं.

"मास्टर, चावी द्या."

"कसली?"

"ह्या शटरची. आग लागली तर आम्ही कुठून निघायचं?"

"आग कुठे लागलीय? डोकं फिरलंय का तुझं? काम कर."

"हे उघडल्याशिवाय नाही करणार." तिचा आवाज चढला, आणि ह्या वेळी ती मुद्दाम अहिराणीत बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मना बाप असाच शटरमां जळना. कोनी इचारं नही त्याले."

हॉलमधल्या बायकांचे हात थांबले. काहींना शब्द कळले, काहींना नुसता बाप तेवढा कळला. गायत्री उठून उभी राहिली. मग तिच्या पलीकडची ओडिशाची बाई. मास्टर खात्याच्या शेठला फोन लावतो म्हणाला. स्वप्ना म्हणाली, "लावा. मी पण बोलते." त्याने फोन खिशातून काढला, दोन्ही बायकांकडे बघितलं, त्यांच्यामागे आणखी उठलेल्या बायकांकडे बघितलं आणि फोन परत ठेवला.

"गठ्ठे कोण हलवणार?" तो गुरगुरला. "माझी माणसं नाही हलवणार."

"आम्ही हलवतो," गायत्री म्हणाली.

बायकांनी गठ्ठे ओढायला सुरुवात केली. मास्टर चाव्यांचा जुडगा घेऊन बाजूला उभा होता, आज माल उशिरा निघणार म्हणून बडबडत. स्वप्नाने पहिल्या गठ्ठ्याची दोरी मुठीत धरली. राग जराही उतरला नव्हता. उलट हातांना त्याने बळच आलं होतं.