वगळलेलं फोल्डर

"काका, मध्येच एक अवजड फोल्डर आहे. 'यंत्रदुरुस्ती' नावाचं. हे लागणार आहे का तुम्हाला?"

मुख्य कार्यालयातल्या इंजिनियर मुलीचा आवाज खोलीभर घुमला. फोन स्पीकरवर ठेवा, असं डॉक्टरबाईंनीच फर्मावलं होतं. सकाळी इस्पितळाच्या सर्व्हरनं मान टाकली होती, आणि सगळ्या रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या शहरातल्या बॅकअपमधून रडतखडत परत येत होत्या. इथला कॉम्प्युटर विभाग म्हणजे तो एकटाच, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

"लागतं," तो म्हणाला. "यंत्रांची माहिती आहे त्यात. येऊ द्या."

"मग वेळ लागेल हं. नोंदी त्याच्या मागे आहेत, आणि हे सगळं रांगेनंच येतं."

यंत्रांची माहिती, डोंबलाची! त्या फोल्डरमध्ये त्याची बायको होती. ती शिवण शिकवायची. क्लासला येऊ न शकणाऱ्या मुलींसाठी तिनं व्हिडिओ केले होते, आणि कॅमेरा धरायला हा. कापड कसं बेतायचं, बाही कशी बसवायची, आणि मध्येच, "अहो, हलवू नका! हात आहे की पाळणा?" मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. घरी व्हिडिओ लावला की ती भिंतीकडे तोंड करून रडायची. म्हणून त्यानं ते इथं आणून ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून तो तिची बडबड ऐकू लागला. पुढे घरचा कॉम्प्युटर मोडीत गेला, तरी त्याला घोर नव्हता. इथं रोज बॅकअप निघतो, इथं ती सुखरूप आहे, अशी त्याची समजूत.

आणि हाच माणूस इस्पितळभर दम देत फिरायचा. सर्व्हरवर खाजगी काही ठेवायचं नाही म्हणजे नाही. पाठीमागे सगळे त्याला जेलर म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही. केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरनं एकदा लेकीचे फोटो ठेवले होते, लेक पहिल्यांदा धरून उभी राहिली तेव्हाचे. त्यानं ते न विचारता पुसले. वर चारचौघांत सुनावलं, "हे इस्पितळ आहे, तुमचा अल्बम नाही."

तीच सिस्टर आता दारात येऊन उभी राहिली.

"काका, अजून किती वेळ? सुतारमामांना सकाळपासून बसवून ठेवलंय. मागच्या खेपेला त्रास झाला म्हणून डोस कमी केलेला, पण किती कमी केला ते नोंदीतच आहे. औषध मिसळायची खोली दुपारी बंद होते. आज राहिलं तर पुढच्या आठवड्यावर जाईल."

"पुढचा आठवडा त्यांना परवडणारा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दारातून बाकावरचे सुतारमामा दिसत होते. डोक्यावरचे केस गेलेले, पण दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा. इस्पितळात यायचं म्हणून माणूस नीटनेटका होऊन आला होता.

"होऊ द्या सावकाश," त्यांनीच धीर दिला. "ते तरी काय करणार बिचारे, मशीनच बिघडलंय."

मशीन! ह्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो फोनवर वाकला.

"ऐका, ते फोल्डर वगळा."

"नक्की? इथलं काम संपलं की लगेच नवा बॅकअप त्याच जागेवर लिहिला जातो. जुनं काही राहत नाही. हवं तर मी बाजूला काढून ठेवते, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त आत काय आहे ते सांगा, साहेबांना कारण द्यावं लागतं."

बायकोचे व्हिडिओ. एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण सिस्टर ऐकत होती. त्या दिवशी चारचौघांत लाल झालेला तिचा चेहरा त्याला आठवला.

"काही नाही," तो म्हणाला. "जुना कचरा आहे."

बोलून गेला आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

मग मात्र नोंदी भराभर आल्या. डोसचा आकडा सापडला, सिस्टर पळत सुटली, सुतारमामांना सलाइन लागलं. डॉक्टरबाईंनी जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. ती त्याला सोसली नाही.

ड्युटी संपवून सिस्टर पुन्हा आली. खुर्ची ओढून बसली.

"त्यात वहिनींचे व्हिडिओ होते ना? सुट्टीत तुमच्या मागून जाताना स्क्रीनवर दिसायच्या. मी फोन करू का त्या मुलीला?"

"नवा बॅकअप लिहून झाला."

ती म्हणाली, "सांगायचं होतंत काका. मी काही बोलले असते का?"

तिच्या जागी तो असता तर बोलला असता, आणि तेही सगळ्यांच्या देखत. तो तिला आपल्यासारखीच समजला होता.

"तुमच्या मुलीचे फोटो," तो कसाबसा म्हणाला, "मी विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

घरी बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती. त्याला बघताच ती काहीतरी सांगू लागली. घशातून तुटके, ओबडधोबड आवाज आले, ओठ एका बाजूला ओढले गेले. एरवी अशा वेळी तो "राहू दे, राहू दे" म्हणत तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा. तहान लागलेली असो वा नसो. तो आवाज त्याला ऐकवत नसे, ही खरी गोष्ट होती.

आज त्यानं पेला उचलला नाही. तो पलंगाच्या कडेला बसला आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. तीही क्षणभर थबकली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.