तीन माणसांची चटई

दाराआड गुंडाळून ठेवलेल्या माझ्याकडे बघून नाक मुरडू नका, मित्रांनो. हो, मी जुनी चटई आहे. शिंदीच्या पानांची. माझा रंग उडाला, मधली पानं झिजली आणि कोणी झटकलंच तर माझ्यातून भुसा पडतो. पण चांद्याच्या जटपुरा दरवाजाबाहेर, ख्रिस्ती मंडळीचे पाळक गुणवंतराव यांच्या घरात मी जे पाहिलं, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा बसा जरा.

माझा जन्म मोहर्लीच्या रानाकडचा. बुधरी नावाच्या बाईनं पानं वाळवली, चिरली, पाण्याचा हात लावून लावून मला विणलं. ती चांद्याच्या बाजारात झाडण्या आणि चटया घेऊन यायची. गुणवंतरावांची बायको रुखमाबाई तिच्याकडे चटई सांगायला गेल्या, तेव्हा बुधरीनं विचारलं, "केवढी पायजे बाई?"

"तिघं बसतीन एवढी," रुखमाबाई खाली बघत म्हणाल्या.

घरात तर दोघंच होती. बुधरीनं त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि फसकन हसली. "समजलं, समजलं! मंग चांगली घट्टच विणा लागते. पोरगं आलं का उचकून टाकीन."

झालंही तसंच. लेक झाली, कमळा. ती रांगायला लागली आणि माझं एक टोक तिनं उसवून ठेवलं. रुखमाबाईंनी जुन्या लुगड्याचा काठ लावून ते शिवून टाकलं. रागावल्या नाहीत. मला मात्र त्या काठाचा फार तोरा होता.

माझं काम काय, तर रोज दिवेलागणीला घरच्या प्रार्थनेसाठी पसरायचं. गुणवंतरावांचे जड गुडघे एका बाजूला, रुखमाबाईंचे दुसऱ्या बाजूला आणि मधे कमळाचे, सदा वळवळणारे. त्या घरातली एक रीत मला फार आवडायची. प्रार्थनेआधी गुणवंतराव लेकीला विचारत, "बोल माय, आज कोनासाठी मागाचं?"

कमळा डोळे मिटून विचार करी. एकदा म्हणाली, "आपल्या शेळीसाठी. तिचा पाय दुखून राह्यला."

रुखमाबाईंना हसू फुटलं. पण गुणवंतरावांनी त्या शेळीसाठी अशी कळकळीनं प्रार्थना केली, की गव्हर्नरसाहेबांसाठीसुद्धा कोणी केली नसेल! शेळी बरी झाली का, ते विसरले मी. कमळाचा चेहरा विसरले नाही.

मग एका नाताळाच्या आधी गुणवंतराव सभेसाठी नागपूरला गेले. तिथल्या कॉलेजांत तेव्हा दूरदूरच्या देशांतली मुलं शिकायला येत होती. आफ्रिकेतली, सिलोनातली. उपासना संपल्यावर लोक आपापल्या घरी जेवायला निघाले आणि दोन मुलं ख्रिस्ती देवळाबाहेरच्या बाकावर तशीच बसून राहिली. कोणी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. खोली द्यायलाही लोक कां कूं करत. गुणवंतरावांना ते बघवलं नाही. ते दोघांनाही घेऊनच गाडीत बसले.

मित्रांनो, यात वाईट काय होतं? काहीच नाही. रुखमाबाईंनी सुद्धा पदर खोचला, करंज्या तळल्या आणि त्या पोरांना पोटभर जेवू घातलं. त्यातला एक होता ओकेलो. उंच, हळू बोलणारा. त्यानं माझ्यावरून हात फिरवला आणि खुणांनी सांगितलं, की त्याची आजीही अशीच चटई विणते. सात समुद्रांपलीकडं माझी कोणी बहीण आहे, हे ऐकून मी तर हरखूनच गेले.

पण पाहुणे माझ्यावर बसले, तेव्हा घरच्यांना सरकावं लागलं. आधी रुखमाबाई उठल्या, मग कमळा. दोघी भिंतीपाशी, सारवलेल्या जमिनीवर. आणि पाहुण्यांना कळावी म्हणून प्रार्थना इंग्रजीत झाली. रुखमाबाई चौथी शिकलेल्या. त्यांना शेवटचं 'आमेन' तेवढं कळलं. कमळानं डोळे मिटून वाट पाहिली, पण त्या दिवशी तिला कोणी काही विचारलं नाही.

एका दिवसाचं कोणी मनावर घेत नाही. पण पुढं प्रत्येक सुट्टीत मुलं येऊ लागली. दोनाची चार झाली, चाराची सहा. सुट्टी नसली की गुणवंतरावच नागपूरला. कोणी आजारी, कोणाची परीक्षा, कोणाचे वडील तिकडं वारले. माणूस धावपळीनं वाळून गेला. कमळा पाटी घेऊन मागं मागं फिरे. "बाबा, हे पाहा ना." "मंग पाहतो माय, पोरायची गाडी आली." शेवटी तिनं पाटी दाखवणं बंद केलं. मला बाई फार राग यायचा! पण चटईच्या रागाला कोण विचारतं?

एकदा ओकेलोनं कमळाला भिंतीपाशी पाहिलं. तो उठला, तिच्या जागी जमिनीवर जाऊन बसला आणि तिला माझ्याकडं यायची खूण केली. कमळा लगेच आली. पण गुणवंतरावांना ते पटलं नाही. "पाहुण्यानं जमिनीवर बसाचं नाई," म्हणत त्यांनी त्याला हाताला धरून परत माझ्यावर बसवलं. कमळा उठली. त्यानंतर फार दिवस तिचे गुडघे माझ्यावर टेकले नाहीत. पुढं ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसू लागली.

कमळा तेरा वर्षांची झाली आणि मंडळीतल्या लोकांच्या जिभा वळवळू लागल्या. एका रविवारी मुखरूभाऊ घरी आले. मुखरूभाऊ म्हणजे देवळाच्या पंच मंडळीतले वडीलधारे. चहा फुंकत म्हणाले, "पाळकसाहेब, राग नका मानू. पोरगी मोठी झाली. घरात परदेशातले तरणे पोरं येऊन राह्यतात. लोक बोलून राह्यले."

"पोरं चांगले आहेत, भाऊ."

"मी कुठी वाईट म्हन्तो? पन लोकायचं तोंड कोन बंद करीन? एक तं पोरायचं येनं बंद करा, नाईतं पोरगीची काई सोय लावा."

गुणवंतराव दिवसभर परसात येरझाऱ्या घालत राहिले. संध्याकाळी रुखमाबाई माझ्यावर तांदूळ निवडत होत्या, तेव्हा येऊन म्हणाले, "कमळाले नागपूरच्या बोर्डिंगात टाकू. शिक्षनही चांगलं होईन."

रुखमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पोरं काऊन नाई बंद होत? पोरगीच काऊन?"

"त्यायले इथी दुसरं कोनी नाई, रुखमा."

"आनि हिले कोन आहे जी? तुमी हिच्यासंग कधी बोलले शेवटचं, आठवते का?"

गुणवंतरावांना आठवलं नाही. मी पाहत होते ना, त्यांनी खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. पण निर्णय काही फिरला नाही. ते म्हणाले, पोरगी आपलीच आहे, ती कुठं जाते? कमळा उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिनं रडून आकांत केला असता तर बरं झालं असतं. ती उठली आणि आपले कपडे घड्या करायला लागली.

पुढच्या सुट्टीत मुलं आली. ओकेलोनं इकडंतिकडं पाहिलं. "आई, कमळा?" त्याला एवढं मराठी आलं होतं.

"बोर्डिंगात," रुखमाबाई त्याच्या ताटात भात वाढत म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

ओकेलोचा हात ताटातच थांबला. जेवण झाल्यावर तो गुणवंतरावांशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. मला इंग्रजी येत नाही. पण गुणवंतरावांची मान खाली गेलेली दिसली. निघताना तो रुखमाबाईंच्या पाया पडला. "माझी बहीण लहान. तीन वर्षं नाही पाहिली," म्हणाला. त्यानंतर तो चांद्याला आला नाही.

गुणवंतरावांना ते लागलं. खरंच लागलं हो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी कोणालाच बोलावलं नाही. स्वतः स्टेशनवर जाऊन लेकीला घेऊन आले. कमळा उंच झाली होती, वेणी घट्ट, बोलणं मोजकं. ओसरीवर पेटी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ही पेटी कुठं ठेवू?"

"अवं, घर तुयं आहे. मले काय इचारतेस?" रुखमाबाई हसत म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी मला फक्त तिघांसाठी पसरलं. कमळा मधे बसली. अगदी नीट बसली, गुडघा हलला नाही. प्रार्थना मराठीत झाली. गुणवंतराव इतके खुशीत होते की आमेन म्हणायचंच विसरले, ते रुखमाबाईंनी म्हटलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता पुन्हा पहिल्यासारखं.

मग कमळा म्हणाली, "बाबा, दिवाळीच्या सुट्टीत मी आले नाही तर चालेल का?"

"काऊन वो माय?"

"बोर्डिंगात दूरच्या काही मुली आहेत. एक आसामची, एक सिलोनची. त्यांना घरी जाता येत नाही. बाईंनी विचारलं, यांच्या सोबतीला कोण राहील? मी हात वर केला."

ती हे रुसून बोलली नाही. टोमणाही नव्हता. तिला वाटलं, बाबांना आनंद होईल. "नाताळाला पण बहुतेक तिकडंच राहीन. त्यांना तिथं दुसरं कोणी नाही ना," ती म्हणाली.

 गुणवंतराव म्हणजे जगभरच्या पोरांची समजूत घालणारा माणूस. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणाले, "चालीन, बेटा. चांगलं काम आहे." आणि त्यांनी दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. रुखमाबाई चुलीकडे निघून गेल्या. चूल कधीचीच विझली होती.

आता मला कोणी पसरत नाही. एकट्या रुखमाबाई पाटावर बसून प्रार्थना करतात आणि गुणवंतराव बहुतेक नागपुरात असतात. मुलांकडे जातात, आणि जमलं तर बोर्डिंगाच्या फाटकाशी उभे राहून लेकीला भेटून येतात. भेटीची वेळ ठरलेली असते. ती संपली की घंटा होते.

मित्रांनो, दारात आलेल्याला बसायला द्या. नक्की द्या, उपाशी धाडू नका. पण त्याच्यासाठी घरातलं जे माणूस उठलं, ते कुठं जाऊन बसलं, हे त्याच दिवशी वळून बघा. हाक मारा त्याला. ते जवळ असतं, तोवर येतं.