प्यायला, मारायला

१९४८ चा सप्टेंबर. हिंदुस्थानी फौज बीदरात शिरली, निजामाचे रझाकार पळाले आणि मुडबी गावात मुसलमानांवर कुऱ्हाडी बाहेर निघाल्या.

जगदेवप्पा हैदराबादच्या कॉलेजात लॅटिन शिकायचा, तेव्हा गावी आलेला होता. त्याला पहिली अक्षरं गिरवायला लावणारे लतीफ मास्तर घर सोडायला तयार नव्हते. त्यांच्या बायकोला, रहमतबीला, त्यानं आपल्या आईकडे धाडलं आणि स्वतः मास्तरांपाशी बसून राहिला. भीती सरावी म्हणून मास्तरच म्हणाले, "तेरी लॅटिन बोल जरा."

"जुन्या पुस्तकांत 'प्यायला आला' असं सरळ लिहीत नव्हते, मास्तर. 'वेनित उत बिबेरेत'. आला, अशासाठी की त्यानं प्यावं. पुढं लोकांनी ते 'उत' टाकून दिलं. नुसतं 'वेनित बिबेरे'. आला प्यायला."

"हमारे जैसा. पीने कू आया," मास्तर हसले.

दार वाजलं. "मास्तर, पाणी प्यायला आलाव." आवाज मेंढपाळ इरप्पाचा होता.

"उघडू नका."

"पानी कू ना नै बोलते," म्हणत मास्तरांनी तांब्या भरला आणि कडी काढली.

पहिला घाव तांब्या धरलेल्या हातावर बसला. जगदेवप्पा मध्ये पडला, तर इरप्पासोबतच्या एकानं त्याचा खांदा फोडला.

"मास्तरांनी काय केलं तुझं?" जगदेवप्पानं इरप्पाला विचारलं.

"रझाकारांनी माझ्या भावाला गंजीत जाळलं."

"त्यात मास्तर व्हते का?"

"न्हाई."

"मग कामून आलास?"

"मारायला," इरप्पा म्हणाला आणि त्यानं मास्तरांच्या मानेवर कुऱ्हाड घातली. मास्तर उंबऱ्यातच गेले.

जगदेवप्पाच्या आईनं, सिद्धम्मानं, बैलगाडीत रहमतबीला कडब्याखाली झाकलं, वर जखमी लेकाला निजवलं आणि गाडी बीदरकडे हाकली. वाटेत जमावानं गाडी अडवून कडब्यात भाला खुपसला. तो रहमतबीच्या मांडीत घुसला. तिनं हूं की चूं केलं नाही. भाल्याचं पातं लाल होऊन बाहेर आलं.

"लेकाचं रगत हाय," सिद्धम्मा म्हणाली. "समदा कडबा भिजलाय."

जमावानं गाडी जाऊ दिली.

बीदरच्या वेशीत रहमतबी बाहेर आली. "उनकू कायकू मारे?" तिनं विचारलं.

जगदेवप्पानं इरप्पाच्या भावाचं सांगितलं.

"उस भाई कू मिट्टी मिली क्या?"

ते त्याला ठाऊक नव्हतं.

जगदेवप्पाचा उजवा हात पुन्हा वर उचलला गेला नाही. रहमतबी बीदरातच राहिली. सिद्धम्मा बाजाराला आली की तिच्याकडेच उतरायची.