दोडक्याच्या मांडवाबाहेर

सकाळचे सात वाजले होते आणि ऊन आतापासूनच डोळ्यांवर येत होते. पेडगावच्या वाटेवरच्या एका कृषी महाविद्यालयात उन्हाळी इंटर्नशिपच्या मुली भाजीपाल्याच्या प्लॉटवर जमल्या होत्या. दोडका, काकडी, कारली मांडवावर चढली होती. दिवसाआड तोडणी करावी लागे. नाही तर दोडका जून होतो, काकडी पिवळी पडते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही.

मांडवाच्या तोंडाशी मजूर बायांची मुकादम कासाबाई उभी असे. आत जाणाऱ्या प्रत्येकीला ती विचारायची, "चांगली हायस ना गं?"

ही तब्येतीची चौकशी नव्हती. पाळी आलेली बाई मांडवात गेली की वेल करपतो, असे तिथे मानत. अशा मुलीने औजारांच्या शेडमध्ये बसून राहायचे. शेड रस्त्याला लागूनच होती. आज कोण बसली आहे, हे येणारी-जाणारी पोरे बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. मजूर बायांना तर त्या दिवसांत घरीच राहावे लागे आणि रोजंदारीही बुडे.

या मुलींतली सोनपेठची सुकेशनी दुसऱ्याच आठवड्यात प्लॉटप्रमुख दिनकररावांकडे गेली. ते हसले.

"अगं, मी एम.एस्सी. झालेला माणूस. माझा असल्या गोष्टींवर विश्वास असेल का? पण बाया ऐकत नाहीत. त्या काम सोडून गेल्या तर तोडणी कोण करणार?"

मग तिने कासाबाईला विचारले.

"आमाला काय करायचंय, बाई? सायबाचा प्लॉट हाय," कासाबाई म्हणाली. "उद्या वेल वाळला तर साहेब आमालाच धरतेत."

त्या संध्याकाळी वसतिगृहात सुकेशनी चिडून खोलीतल्या मैत्रिणीला, शालूला म्हणाली, "कुणाचाच विश्वास न्हाई, अन् समदेच पाळायलेत. भांडावं तर कुणाशी?"

"भांडती कशाला? खोटं बोल," शालू उशी पाठीशी घेत म्हणाली. "मी तर बाराही महिने चांगलीच असते."

काही दिवसांनी कारल्याच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या. ठिबकची नळी क्षाराने चोंदली होती आणि खालची माती कोरडी पडली होती. दिनकररावांनी स्वतः वाकून माती चाचपली आणि नळी साफ करायला माणूस लावला. एवढे करूनही त्यांनी सगळ्या मुलींना उन्हात उभे केले.

"खरं सांगा. तसल्या दिवसात आत कोण गेलं होतं?"

शालूची मान खाली गेली. सुकेशनी पुढे झाली.

"सर, नळी चोंदली होती. तुमीच बघितलं ना आत्ता."

"नळीचं मी बघतो. विचारलंय त्याचं उत्तर दे."

"त्याचं उत्तर आता कुणीच देणार न्हाई. कासाबाईलाबी न्हाई. एक तर आमी समद्या आत जाऊ, न्हाई तर समद्या शेडात बसू."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुली शेडमध्ये बसल्या. दोघी-तिघी कुरकुरत होत्या, पण उठल्या नाहीत. तोडणी अडली. मजूर बाया मोजक्याच, त्यांच्याने एवढा माल उतरेना. मांडवाखाली काकड्या पिवळ्या होऊन लोंबू लागल्या.

"बसा अशाच," कासाबाई शेडच्या दाराशी येऊन म्हणाली. "उद्या दोडका कापायला कुऱ्हाड आणा."

दिनकररावांनी सुकेशनीच्या वडिलांना फोन लावला. मुलीने हट्ट सोडला नाही तर इंटर्नशिप अपुरी राहील आणि पदवी अडकेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

दत्तराव सोनपेठच्या एका शाळेत शिपाई होते. पत्नी सत्यशीलाला जाऊन वर्षही झाले नव्हते. सकाळच्या एसटीने ते आले आणि थेट शेडकडे गेले.

"पोरी, गप बस," ते म्हणाले. "चार दिवसाची गोष्ट हाय. पदवी हातात आल्यावर बोल काय बोलायचं ते."

"आईबी गपच बसली होती, पप्पा."

दत्तराव शेडच्या उंबऱ्यावर टेकले. सत्यशीला लोकांच्या मळ्यात भाजी तोडायला जायची. तिचे अंगावरून जाणे थांबत नव्हते. सांगितले तर कामावर घेणार नाहीत, म्हणून ती कापडाच्या घड्या घेऊन तशीच जात राहिली. घरात सांगावे, तर घरातही त्या दिवसांत तिचे ताट-तांब्या वेगळे असत. हे घर दर पौर्णिमेला बुद्धविहारात जाणारे. विटाळ मात्र उंबऱ्याच्या आतच राहिला होता. डॉक्टरांनी विचारले, इतके महिने का थांबलात? तेव्हा तिने लुगड्याचा पदर तोंडावर घेतला होता.

दत्तराव दिनकररावांच्या खोलीत गेले.

"बसा. तुम्ही समजूतदार दिसता," दिनकरराव म्हणाले. "मुलीला सांगितलंत?"

"सांगायलाच आलतो, साहेब. पण पुढं तोंड उघडंना. माझी बायको रक्त जाऊन जाऊन मेली. पिशवीचा कॅन्सर होता. काम जाईल म्हणून तिनं कुणाला सांगितलं न्हाई. आता पोरीला कोणत्या तोंडानं म्हणू, लपव म्हणून?"

दिनकररावांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "वाईट झालं. पण हे मी मानतो असं समजू नका."

"मग तिथं जाऊन बायांना सांगा की."

"ते एवढं सोपं नाही, दत्तराव. मला अपुरी असा शेरा द्यावा लागेल."

"द्या. पण कारण बी लिवा. पाळी आलेल्या पोरीला आत जायचं होतं म्हणून, असं लिवा. खाली सही करा."

"असं कसं लिहिता येईल?"

"पाळायला येतं, मग लिवायला कामून येत न्हाई?"

दिनकररावांनी पेनचे टोपण काढले, परत लावले. शेरा त्या दिवशी लिहिला गेला नाही.

दत्तराव बाहेर आले. मुलीजवळ जाऊन एवढेच म्हणाले, "जा. मी हाय हितं."

सुकेशनी उठली आणि कासाबाईसमोर उभी राहिली. "मावशी, मी आज बाहेरची हाय, पाळी आलीय. समद्यांदेखत सांगायलेय. अन् मी आत चाललेय."

कासाबाईने दिनकररावांच्या खिडकीकडे पाहिले. तिथला पडदा हलला, पण सरकला नाही. आपल्यावर येऊ नये म्हणून इतके दिवस ज्याच्याकडे बोट दाखवले, तो माणूस पडद्याआड उभा होता. ती बाजूला झाली.

"कातर घेऊन जा," ती तोंड फिरवून म्हणाली. "हातानं वढू नको."

सुकेशनीच्या मागून शालू गेली. मग बाकीच्या गेल्या.

आता तोडणी रोजच्यासारखी चालू आहे. सुकेशनीचा शेरा अजून अडकलेलाच आहे, ना पुरी, ना अपुरी. नियम मागे घेतला, असे कोणी सांगितलेले नाही. कसे सांगणार? तो केला, हेच कोणी कबूल करत नाही. तुमच्या घरात तो कोणी केला, हे आज जेवायला बसताना विचारून बघा.